रानमेवा, बेरीफळे आणि ‘अँटिऑक्सिडंट’

(ज्ञातिसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी आरोग्यविषयक एखाद्या प्रश्नावर बोलण्याची आम्हास आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्हास संकोच वाटला. आम्ही डॉक्टर नाही, वैद्यही नाही. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविण्यात आमची हयात गेली. परंतु ज्या एका शब्दाने हल्ली घरोघरी ठाण मांडले आहे तो शब्द आमच्याच शास्त्रातला आहे, आणि तो आमच्या वर्गातून बाहेर पडून बाजारात कसा गेला हे सांगण्याचा थोडाबहुत अधिकार आम्हास आहे, अशा समजुतीने आम्ही येथे उभे आहोत. तो शब्द म्हणजे ‘अँटिऑक्सिडंट’. चहाच्या पुड्यावर तो आहे, बिस्किटांच्या वेष्टनावर आहे, तोंडास लावावयाच्या मलमाच्या डबीवरही आहे. आणि सर्वांत अधिक तो आहे बेरी जातीच्या फळांच्या संबंधात.

गतवर्षीच्या संमेलनात आपल्यातील एका भगिनीने आम्हास जो प्रश्न केला तो अद्याप आमच्या मनात आहे. त्या म्हणाल्या, “शहरात ब्लूबेरीची एवढीशी डबी मिळते, तिला तीनतीनशे रुपये पडतात. आम्हाला ती परवडत नाही. मग आमची मुले काही मोठ्या लाभाला मुकतात की काय?” प्रश्न साधा होता, परंतु त्यामागे एका आईची चिंता होती, आणि तिला पुराव्याने उत्तर मिळाले पाहिजे असे आम्हास वाटले. आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे उत्तर समजावे.

आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘बेरी’ या शब्दाला आपल्या भाषेत नेमका प्रतिशब्द नाही, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांची व्याख्या घेतली तर मोठी गंमत होते. त्या व्याख्येप्रमाणे द्राक्ष ही बेरी, टोमॅटो ही बेरी, इतकेच काय, आपले भरताचे वांगे हीही बेरीच. उलट स्ट्रॉबेरी, रासबेरी व तुती या मात्र बेरी नव्हेत! आपण त्या वादात पडावयाचे कारण नाही. लहान, रसाळ, बहुधा रंगीत अशी जी फळे अख्खीच तोंडात टाकता येतात त्यांना व्यवहारात बेरी म्हणतात, आणि त्या अर्थाने करवंद, जांभूळ व तुती ही आपली बेरीफळेच होत. आवळ्याला इंग्रज लोक हिंदुस्थानी गूजबेरी म्हणत आले, म्हणून त्यालाही आज पंक्तीस बसवून घेऊ.

आता रसायनाकडे वळू. लोखंडाला गंज चढतो, कापलेले सफरचंद तांबूस पडते, जुने तेल खवट होते. या सर्व क्रियांत प्राणवायूचा हात असतो. शरीरातही अन्नापासून शक्ती निर्माण होताना काही अतिचंचल कण उत्पन्न होतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. ज्याच्या जवळ एक इलेक्ट्रॉन कमी आहे तो शेजाऱ्याचा ओढून घेतो, मग तो शेजारी आणखी कोणाचा, अशी ही साखळी असते. जो पदार्थ आपल्याजवळचा इलेक्ट्रॉन देऊन ही साखळी तोडतो तो ऑक्सिडीकरणाचा विरोधक, म्हणजे अँटिऑक्सिडंट. 1956 साली डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे मत मांडले की, वार्धक्य येते ते या मुक्त मूलकांनी केलेली हानी वर्षानुवर्षे साचत गेल्यामुळे. मत आकर्षक होते. त्यावरून पुढे लोकांनी सरळ हिशेब केला : मूलके वाईट, त्यांचे विरोधक चांगले, म्हणून विरोधक जितके अधिक खावे तितके आयुष्य अधिक. शास्त्रात असे सरळ हिशेब फार वेळा फसतात, आणि येथेही तेच झाले.

बेरीफळांचा या कथेत प्रवेश झाला तो त्यांच्या रंगामुळे. जांभळाने जीभ जांभळी होते, करवंदाने बोटे रंगतात, ती किमया अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांची. ही द्रव्ये परीक्षानळीत उत्तम अँटिऑक्सिडंट ठरतात. भगिनीवर्गास त्यांचा एक प्रयोग अनुभवाने ठाऊक असेलच : मुलाच्या पांढऱ्या सदऱ्यावरील जांभळाच्या डागास साबण लावावा तर तो निळसर होतो, आणि त्यावरच लिंबू पिळले तर पुन्हा गुलाबी दिसतो. आम्ही विद्यार्थ्यांना आम्ल व अल्कली यांचा धडा याच डागावर शिकवीत असू. ब्लूबेरीच्या रंगद्रव्यांत डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन व माल्व्हिडिन यांची जी कुळे आढळतात, तीच तिन्ही आपल्या जांभळातही आढळली आहेत. म्हणजे त्या तीनशे रुपयांच्या डबीतील रंग आणि पालघर तालुक्यातील बहाडोलीच्या झाडाखाली सांडलेला रंग यांत गोत्राचे नाते आहे.

प्रश्न असा की, परीक्षानळीत जे घडते ते पोटात गेल्यावर घडते काय? कोणत्या खाद्यपदार्थात परीक्षानळीतील विरोधशक्ती किती, याची एक मोठी यादी अमेरिकेच्या कृषिखात्याने सिद्ध केली होती. तीत बेरीफळे बरीच वर होती, आणि विक्रेत्यांनी ते आकडे बाटल्यांवर छापून मोठा व्यापार केला. 2012 साली त्या खात्याने ही यादी स्वतःहून मागे घेतली. हे आकडे मनुष्याच्या शरीरातील परिणामाचे निदर्शक नाहीत आणि कंपन्या त्यांचा गैरवापर करीत आहेत, असे कारण खात्याने दिले. यादी गेली, बाटल्यांवरील आकडे मात्र अद्याप पुष्कळ ठिकाणी तसेच आहेत!

कारणही समजण्यासारखे आहे. ही रंगद्रव्ये मूळ स्वरूपात रक्तात फारच थोडी उतरतात. बराचसा भाग मोठ्या आतड्यात जाऊन तेथील जीवाणूंकडून फोडला जातो. फळे खाल्ल्यानंतर काही काळ रक्ताची विरोधशक्ती वाढलेली दिसते हे खरे. परंतु ऑरेगन राज्य विद्यापीठातील लिनस पॉलिंग संस्थेच्या संशोधकांनी 2006 च्या सुमारास दाखवून दिले की, ती वाढ मुख्यतः फळातील साखरेमुळे रक्तात वाढलेल्या यूरिक आम्लाची असते, रंगद्रव्यांची नव्हे. ज्या पॉलिंग महाशयांनी ‘क’ जीवनसत्त्वाचा आयुष्याच्या उत्तरार्धात हिरीरीने पुरस्कार केला त्यांच्याच नावाच्या संस्थेने हे सांगावे, ही संशोधनाची निःस्पृहता आम्हास फार मोलाची वाटते.

याहून गंभीर गोष्ट गोळ्यांची. फळातील गुण जर अँटिऑक्सिडंटचा, तर तेच द्रव्य वेगळे काढून गोळीच्या रूपाने द्यावे, हा विचार ओघानेच आला. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला. त्यांपैकी ज्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या मिळाल्या त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हावयाचा तो उलट 18 टक्क्यांनी अधिक झाला. 1994 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पुष्कळांचा विश्वास बसेना. परंतु अमेरिकेत 18,314 लोकांवर चाललेला तसाच दुसरा प्रयोग 1996 साली ठरलेल्या मुदतीपूर्वी जवळजवळ पावणेदोन वर्षे थांबवावा लागला. तेथे ‘अ’ जीवनसत्त्वाची जोड देऊन गोळ्या दिल्या होत्या आणि कर्करोगाचे प्रमाण 28 टक्क्यांनी वाढले होते. पुढे 2012 साली अशा 78 प्रयोगांचा, सुमारे तीन लक्ष माणसांचा, एकत्र आढावा घेण्यात आला. अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचा पुरावा त्यात सापडला नाही. बीटा-कॅरोटीन व ‘ई’ जीवनसत्त्व यांच्या गोळ्यांनी मृत्यूचे प्रमाण किंचित वाढत असावे, असेच अनुमान निघाले. शरीर या मुक्त मूलकांचा रोगजंतू मारण्यासाठी व आपल्या पेशींना निरोप देण्यासाठी उपयोगही करून घेत असते. त्यांना सरसकट शत्रू ठरविणे हे मुळातच चूक होते.

मग बेरीफळांत काहीच अर्थ नाही काय? तसे मुळीच नाही, आणि येथे श्रोत्यांनी कृपया थोडे अधिक लक्ष द्यावे. अँटिऑक्सिडंटची उपपत्ती ढिली पडली म्हणून फळाचा गुण नाहीसा होत नाही. अमेरिकेतील परिचारिकांच्या आहाराची व प्रकृतीची दीर्घकाल नोंद ठेवण्याचे एक मोठे कार्य चालू आहे. 2013 साली त्यातील 25 ते 42 वर्षे वयाच्या 93,600 स्त्रियांची अठरा वर्षांची हकीकत प्रसिद्ध झाली. आठवड्यातून तीनदा वा अधिक वेळा ब्लूबेरी व स्ट्रॉबेरी खाणाऱ्या स्त्रियांत, महिन्यातून एकदा किंवा त्याहूनही कमी खाणाऱ्यांच्या मानाने, हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण 32 टक्क्यांनी कमी आढळले. 2012 साली सत्तरी ओलांडलेल्या 16,010 परिचारिकांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. ही फळे अधिक खाणाऱ्यांची बुद्धी मंद होण्याची क्रिया सुमारे अडीच वर्षांपर्यंत मागे पडल्यासारखी दिसली.

आकडे आनंददायक आहेत. तथापि त्यांचा अर्थ तोलून घेतला पाहिजे. त्या अठरा वर्षांत त्या 93,600 स्त्रियांत झटके आले ते एकूण 405. मूळ संख्याच लहान, तिच्यातील 32 टक्के म्हणजे प्रत्येक बाईच्या वाट्याला येणारा लाभ लहानच. शिवाय जी बाई बेरी खाते ती बहुधा फिरावयास जाते, धूम्रपान करीत नाही, चार पैसे बाळगून असते. गणिताने या गोष्टी वेगळ्या काढण्याचा प्रयत्न संशोधक करतात, पण त्या पूर्णपणे निघत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष प्रयोग लागतो. तसा एक चांगला प्रयोग इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठात झाला व 2019 साली प्रसिद्ध झाला. वजन, रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी यांचा एकत्रित दोष असलेल्या 115 माणसांना सहा महिने फळाचे चूर्ण दिले : काहींना दररोज दीडशे ग्रॅम ब्लूबेरीइतके, काहींना पाऊणशे ग्रॅमइतके, काहींना नुसते रंगीत चूर्ण. दीडशे ग्रॅमवाल्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचिकता सुधारली. पाऊणशे ग्रॅमवाल्यांची सुधारली नाही. आणि इन्शुलिनच्या कार्यात कोणाच्याच फरक पडला नाही. या प्रयोगाला ब्लूबेरी उत्पादकांच्या मंडळाचे द्रव्यसाहाय्य होते. त्यामुळे तो खोटा ठरत नाही. परंतु जो पैसा देतो त्याचे नाव वाचण्याची सवय आपण लावून घ्यावी.

मधुमेहाबद्दल बोलणे येथे प्राप्तच आहे, कारण या मांडवात त्याचे मित्र थोडे नाहीत. 2013 सालीच अमेरिकेतील 1,87,382 आरोग्यसेवकांच्या नोंदींवरून असे दिसले की, ब्लूबेरी, द्राक्षे व सफरचंदे अख्खी खाणाऱ्यांत मधुमेह कमी होतो, स्ट्रॉबेरीने तसा फरक दिसत नाही, आणि फळांचा रस पिणाऱ्यांत तो थोडा अधिकच होतो. ही शेवटची गोष्ट आम्ही पुन्हा सांगतो : रस पिणाऱ्यांत अधिक. चोथा टाकून दिलेले फळ हे निम्मे फळ.

आता आपल्या घरच्या फळांकडे येऊ. जांभळाविषयी प्रत्येक घरात एक समजूत आहे की ते मधुमेहावरचे औषध आहे. बियांच्या चूर्णाचे उंदरांवरील प्रयोग पुष्कळ झाले आणि त्यांत साखर उतरल्याचे सांगितले जाते. परंतु उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा काढा मधुमेहाच्या रोग्यांना देऊन काटेकोर प्रयोग करण्यात आला. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात काढ्याने साखर उतरली नाही. ज्यांना नेहमीची गोळी दिली त्यांचीच उतरली. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनी डॉक्टरांच्या गोळ्या सोडून चार महिने केवळ बियांच्या चूर्णावर विसंबून राहण्याचा निश्चय केला होता. पायाच्या जखमेने त्यांना अंथरुणास खिळविले आणि दोन बोटे गमवावी लागली. चूर्णाने त्यांचे वाईट केले असे आम्ही म्हणत नाही; गोळ्या सोडल्याने वाईट झाले. जांभूळ खावे, अवश्य खावे, पण जेवणातले फळ म्हणून खावे. औषधाच्या जागी त्याला बसवू नये.

करवंदाविषयी मनुष्यांवरचे मोठे प्रयोग झालेले नाहीत. तुतीचीही फळापुरती तीच कथा. येथे प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते की, ज्या रंगद्रव्यांमुळे परदेशी फळांना मान मिळाला त्या जातीची रंगद्रव्ये यांतही आहेत. चोथा आहे, साखर बेताची आहे, आणि किंमत त्या डबीच्या मानाने काहीच नाही. चैत्र-वैशाखात घाटरस्त्यांवर पळसाच्या पानांच्या द्रोणांत ‘डोंगरची काळी मैना’ विकावयास बसलेल्या आदिवासी भगिनींजवळून जो द्रोण घ्यावा त्यातले चार पैसे एखाद्या गरीब संसाराला लागतात, हाही हिशेब आम्हास गौण वाटत नाही. स्ट्रॉबेरी हवीच असेल तर महाबळेश्वर-पाचगणीचा माल आहे. तेथील स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले असून हिवाळ्यात ती बेताच्या दरात मिळते. तेव्हा ज्या भगिनीने गतवर्षी प्रश्न केला त्यांस आमचे उत्तर असे की, ब्लूबेरी न मिळाल्याने आपली मुले कोणत्याही मोठ्या लाभास मुकत नाहीत. दिवसाकाठी फळे व भाज्या मिळून निदान 400 ग्रॅम खावीत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; आपल्या कित्येक घरांत तेवढीही होत नाहीत. खरी उणीव ती आहे.

आवळ्याची गोष्ट थोडी निराळी, कारण त्याच्या बाजूने जुना व पक्का पुरावा आहे. त्याच्या ‘क’ जीवनसत्त्वाचा आकडा जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅमला 600 मिलिग्रॅम असा देत असत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली नवी मोजणी प्रसिद्ध केली, तीत तो 250 च्या आसपास उतरला. तरीही संत्र्याच्या कितीतरी पट तो आहेच. 1939-40 च्या हिस्सारच्या दुष्काळात रक्तपितीच्या रोग्यांना आवळ्याने गुण आल्याची नोंद आहे. आणि येथे आमच्या शास्त्राचा एक लहानसा विजय आहे तो सांगितल्यावाचून राहवत नाही. भाजी-भाकरीतील लोह ज्या रूपात असते त्या रूपात ते आतड्यातून सहज शोषले जात नाही. ‘क’ जीवनसत्त्व त्याला एक इलेक्ट्रॉन देते, म्हणजे तोच अँटिऑक्सिडंटचा धर्म पाळते, आणि मग ते लोह रक्तात जाते. वार्धक्य टळेल की नाही याची चर्चा चालू राहो. हा उपयोग निश्चित आहे आणि त्याची आपणास निकड आहे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांत शंभरातील पन्नासाहून अधिक जणी पंडुरोगी आढळल्या. म्हणजे या मांडवाच्या उजव्या बाजूला बसलेल्या भगिनींपैकी निम्म्या, असे समजावयास हरकत नाही. लोह देणाऱ्या पालेभाजीवर लिंबू पिळणे वा पानात आवळ्याची फोड ठेवणे यास डबीचा खर्च नाही. चहा मात्र जेवणास लागून घेऊ नये, तो लोहास अडवितो. मोरावळ्याचे नाव घेऊन कोणी आमचे समर्थन मिळवू पाहील, त्यास सांगतो की त्यात आवळ्याहून साखर अधिक असते.

शेवटी एका नाजूक विषयास हात घालणे भाग आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या विवाहसमारंभांत, हळदीकुंकवात, इतकेच नव्हे तर संमेलनाच्या आवारातही दूरदेशीच्या बेरींचा अर्क म्हणून हजार-बाराशे रुपयांच्या बाटल्या विकल्या जातात. विकणारे परके नसतात. कोणाचा भाचा असतो, कोणाची विहीण असते, आणि ‘नाही’ म्हणणे जड जाते. निवृत्तिवेतनावर राहणारे दांपत्य भाजीत काटकसर करून दरमहा दोन बाटल्या घेते, हे आम्ही पाहिले आहे. विकणाऱ्यांवर आमचा रोष नाही. त्यांतील पुष्कळांची स्वतःची श्रद्धा असते आणि पुष्कळांचे भांडवल त्यात अडकलेले असते. परंतु त्या बाटलीतील अर्काने संधिवात, कर्करोग वा मधुमेह बरा होतो असे दाखविणारा, मनुष्यांवरील काटेकोर प्रयोग आम्ही शोधूनही आमच्या हाती आला नाही. चालकांनी पुढील वर्षापासून संमेलनाच्या आवारात रोगनिवारणाचा दावा करणाऱ्या वस्तूंच्या विक्रीस परवानगी देऊ नये, अशी विनंती आम्ही येथे सर्वांसमक्ष करतो. भाच्यांना नोकरी-धंद्याचे दुसरे साधन मिळवून देण्याचे काम ज्ञातिसंस्थेस अधिक शोभेल.

खाण्याची रीत काय, असे व्याख्यानापूर्वी दोघांनी विचारले होते. ज्या ऋतूत जे येईल ते : मार्गशीर्ष-पौषात आवळा व बोरे, माघ-फाल्गुनात तुती व स्ट्रॉबेरी, वैशाखात करवंदे, ज्येष्ठात जांभळे. एका वेळी वाटीभर पुरे. मधुमेह्यांनी वाटीही मोजून घ्यावी व तेवढा भात कमी करावा. फळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत, देठ मागाहून काढावेत, साखर घालू नये. लहान मुलांना जांभळातील बी काढून द्यावे. करवंदे नीट पिकलेली काळीभोर घ्यावीत, कच्च्यांचा चीक ओठांस चिकटून बसतो. चिकटलाच तर थोडे खोबरेल तेल लावावे, लागलीच निघतो.